माळावरच्या पेटीचा रुसवा

लालासाहेबाच्या जॅकवेलला मगर आली, तेव्हापासून मला नीट झोप नव्हती.

मगर खरी होती का ओंडका होता, तो प्रश्न वेगळा. पण कराडपासून इस्लामपूरपर्यंतची माणसं सायकली काढून नदीकाठी आली आणि लालासाहेब हात लांब करून त्यांना मगरीचं माप दाखवायला लागला. पहिल्या दिवशी मगर सहा फुटांची होती, रविवारपर्यंत ती अकरा फुटांची झाली. गोष्ट वाढवून सांगायला माझी ना नाही, मीही वाढवतो. पण ती वाढवणारा मी असायला पाहिजे.

आमच्या लिंबारवाडीची पाणीपुरवठा संस्था तीन ठिकाणी उभी होती. खाली कृष्णेच्या काठाला जॅकवेल, म्हणजे नदीचं पाणी ज्या खोल विहिरीत घेऊन पंपानं वर फेकतात ती; तिथं लालासाहेब. मध्ये ओढ्याच्या कडेला एक लहान हौद, तिथं अर्जुना. आणि पार वर माळावर मोठा हौद. तिथं मी, तात्याबा; माझं घरही हौदाला लागूनच. मी आणि लालासाहेब एकाच दिवशी, एकाच तासाला कामावर लागलो. फक्त त्याच्या खिशाला पेन होतं म्हणून हजेरीबुकात त्याची सही आधी झाली. त्याचं पेन त्यानं मला दिलं, तेव्हा त्यातली शाई संपली होती. अठरा वर्षं झाली, ती शाई मी विसरलो नाही.

त्याच्या जॅकवेलला सावली, वारा, पंपघरात टेबलफॅन. गावात पाहुणा आला की त्याला जॅकवेल दाखवायला न्यायचे. माळावर कोण येणार? शेळ्या यायच्या, त्याही पाणी पिऊन उपकार न मानता जायच्या. त्याच्याकडं मगर येते आणि माझ्या हौदातला बेडूकसुद्धा उन्हाळ्यात राजीनामा देऊन निघून जातो.

नानासो आमचे चेअरमन. त्यांच्या लेकीच्या लग्नाची पत्रिका छापली, तिच्यात एकशे त्रेचाळीस नावं होती. मी मोजली. लालासाहेबाला 'व्यवस्थापक' म्हणून स्वतंत्र ओळ, आणि मी कुठं? तर शेवटी, 'व समस्त लिंबारवाडी ग्रामस्थ' यात. त्या लग्नात मी पाच पंगती जेवलो नाही. सहाव्या पंगतीला बसलो, पण तोंड वाकडं करूनच जिलेबी खाल्ली.

तर अशा दिवसांत, म्हणजे सत्त्याण्णव साली, संस्थेत वायरलेसच्या पेट्या आल्या.

त्याआधी आमचा कारभार फडक्यावर चालायचा. माळावरचा हौद भरत आला की मी लाल फडकं हलवायचं, ते बघून अर्जुनानं त्याचं फडकं हलवायचं आणि ते बघून लालासाहेबानं पंप बंद करायचा. अर्जुनाला दुपारी डुलकी लागायची. मग हौद वाहायचा. इतका वाहायचा की माळाच्या पायथ्याला एक कोंबडा होता, तो पोहायला शिकला. पुढं तो बदकांत राहायला गेला, पण ती हकिकत इथं नको.

हे थांबवायला नानासोंनी राजरत्नला बोलावलं. राजरत्न हा आमच्या गावच्या केरूचा थोरला. केरू फौजेत सिग्नलमध्ये होता. त्याच्या घरात ट्रान्झिस्टर उघडून बसायची रीतच. राजरत्ननं इस्लामपुरात इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा केला आणि सांगलीत एका दुकानात वायरलेस सेट दुरुस्त करायला लागला. परवाना दिल्लीहून यायला दीड वर्ष गेलं. तेवढ्यात त्यानं तीन पेट्या स्वतःच्या हातानं बनवल्या. हौदात एक तरंगता गोळा, त्याची तार पेटीत, पेटीला ट्रॅक्टरची बॅटरी आणि डोक्यावर वीतभर एरियल. पाणी किती चढलं ते पेटीनं हवेतून सांगायचं आणि ऑफिसातल्या कॉम्प्युटरनं ऐकायचं.

"पंधरा दिवस देतो," नानासो त्याला म्हणाले. "नागपंचमी झाली की सभापतींच्या हस्ते बटण दाबायचं ठरलंय. तवर तिन्ही पेट्या बोलल्या तर ठीक, न्हाईतर पेट्या घरी न्यायच्या आणि आमचं फडकं बरं."

राजरत्न हसून "व्हय" म्हणाला. त्यानं दीड वर्ष त्या पेट्यांपायी सांगलीत दुसरं काही धड केलं नव्हतं, हे गावात सगळ्यांना ठाऊक होतं.

मी त्याच्याशी पहिल्यापासून गोड राहिलो. माझ्या हौदाच्या स्लॅबवर त्यानं कमरेइतका खांब रोवला, त्यावर पेटी बसवली, तेव्हा रंगूबाईनं, म्हणजे माझ्या बायकोनं, त्याला चहा दिला.

"आता ह्यो डबा आणि लालासायबाचा डबा एकच का रं?" मी विचारलं.

"न्हाई तात्या. त्याचा जुन्या सेटातनं बनवलाय, तुमचा नवा हाय. दोघांचं बोलणं येगळं. म्हणून कॉम्प्युटरमदी प्रत्येकाची एक लायब्ररी बसवायला लागती."

"पुस्तकं?"

"पुस्तकं न्हवं. तुमी शीमेकडं मेंढरं इकायला जायचा तवा कानडी कळणारा गडी बरोबर घ्यायचा न्हवं? त्यो जसा मधी उभा राहून हिकडचं तिकडं सांगायचा, तशी ती लायब्ररी. पेटी बोलली की ती मशीनला सांगती. चुकीचा गडी मधी घातला, तर मेंढरू इकायचं ऱ्हायलं आणि भांडान लागलं."

मला पटलं. चुकीच्या गड्यापायी माझ्या बापानं एकदा बकरा विकायला नेला आणि बदल्यात सोयरीक घेऊन आला होता. ती सोयरीक म्हणजे माझी धाकटी काकू.

"आणि सकाळी मशीन चालू झालं, की ते पयल्यांदा एक यादी वाचतं," राजरत्न पुढं म्हणाला. "कुणाला हाक मारायची, उत्तराची किती शेकंद वाट बघायची, उत्तर न्हाई आलं तर किती येळा परत हाक मारायची. ह्या प्रत्येक पेटीच्या प्रॉपर्ट्या. त्या यादीत जसं लिवलं तसंच मशीन वागतं. एकाचं झाल्याबिगर दुसऱ्याला हाक मारत न्हाई, आणि तिघांनी व्हय म्हटल्याबिगर पंप चालू हुत न्हाई."

मी बाकीचं ऐकलंच नाही. यादी म्हटल्यावर माझ्या डोळ्यांपुढं ती लग्नाची पत्रिका आली होती.

"यादीत पयलं नाव कुणाचं?"

"लालासायबांचं. मग अर्जुनादा, मग तुमचं. पाणी जसं चढतं तसं."

चहा माझ्या घशात थांबला तो दुपारी उतरला.

दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता ऑफिसात पहिली चाचणी झाली. काळा पडदा, हिरवी इंग्रजी अक्षरं. निम्मा गाव दारात उभा. कॉम्प्युटरनं गुरगुर केली आणि वरच्या ओळीत लालासाहेबाचं नाव उमटलं. त्याच्या पेटीनं लगेच चौदा फूट पाणी सांगितलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. लालासाहेबानं मिशीला हात लावून अशी मान लववली, की जणू कृष्णामाई त्याच्या आजोळची. नावाला आठच अक्षरांची जागा असल्यानं त्याच्या नावाचं शेवटचं अक्षर तेवढं कापलं गेलं होतं, त्या दिवशीचा माझा आनंद तेवढाच.

मग अर्जुना. मग मी. माझी पाळी आली तेव्हा लोक पांगायला लागले होते.

बाहेर आल्यावर लालासाहेब माझ्या खांद्यावर हात टाकून म्हणाला, "तात्याबा, तुझी पेटी लय लांब हाय गड्या. नाव यायला येळ लागतो. मी तवर घरी जाऊन च्या पिऊन आलो आसतो."

मी खांदा काढून घेतला आणि माळ चढलो. चढताना मी तापलेलो होतो इतका, की वाटेतल्या बाभळीखाली जरा टेकलो तर बाभळीच्या शेंगा फुटाण्यासारख्या फुटल्या.

यानंतर जे झालं ते मी ठरवून केलेलं नाही, निदान पहिल्या दिवशी तरी नाही. पुढच्या सकाळी रंगूबाईनं आमटीचं जर्मनचं, म्हणजे अॅल्युमिनियमचं, पातेलं घासलं आणि वाळायला म्हणून त्या खांबावर पालथं घातलं. एरियल वीतभर, पातेलं त्यावर टोपीसारखं बसलं. मी तसाच ऑफिसात गेलो. सात वाजले. लालासाहेब बोलला, अर्जुना बोलला, माझी पेटी गप्प. तीन हाका झाल्या आणि पडद्यावर ओळ आली: उत्तर नाही.

"का रं, रुसली का काय तुझी पेटी?" लालासाहेब हसला.

तो मस्करीनं म्हणाला. पण शब्द तोंडातून गेला आणि माझ्या डोक्यात जाऊन बसला.

मी वर गेलो, पातेलं बघितलं, काढलं. थोड्या वेळानं राजरत्न धापा टाकत आला, त्यानं तपासलं, तर पेटी पोपटासारखी बोलत होती. त्यानं कान खाजवला.

दुसऱ्या दिवशी पातेलं मी घातलं.

"आवं, ही काय थेरं?" रंगूबाईनं विचारलं.

"पेटीला सकाळचं दंव बाधतं," मी म्हणालो. "सायबांचा हुकूम हाय. सात वाजायच्या आत झाकायची, साडेसातला काढायची. कुणाला सांगू नगं, लोक आपली पातेली आणून घालतील."

रंगूबाईला हुकूम म्हटलं की पटतं. माझा सोडून.

असे आठ दिवस गेले. रोज सात वाजता माझी पेटी गप्प, रोज आठ वाजता बोलकी. राजरत्नचा चेहरा उतरत चालला. त्याला वाटलं लायब्ररी चुकली. तो सांगलीला गेला आणि फ्लॉपीवर दुसरी घेऊन आला, ती बसवली. पेटी गप्प. परत सांगलीला गेला, तिसरी आणली. त्या खेपेला मीही त्याच्या मोटरसायकलवर मागं बसून गेलो, कारण घरी बसवेना. दुकानातल्या माणसानं त्याला म्हटलं, "राजरत्न, गावची मंडळी फडक्यावर खूश हैत तर तू कशाला जीव काढतोस?" परत येताना त्यानं मला भडंग घेऊन दिली. कोपऱ्यावर उभं राहून मी ती खाल्ली. भडंग झणझणीत होती, आणि डोळ्यांत पाणी आलं ते तिखटानं आलं असं मी त्याला सांगितलं.

तिसरी लायब्ररी बसवायला तो माळावर आला, तेव्हा एरियलजवळ नाक नेऊन उभा राहिला.

"तात्या, एरियलला आमटीचा वास का येतोय?"

"कावळं बसत्यात," मी म्हणालो. "गावात बारशाचं जेवान हुतं."

त्यानं माझ्याकडं पाहिलं. मग यादी उघडायला ऑफिसात गेला.

त्या यादीत त्यानं माझ्या पेटीच्या प्रॉपर्ट्या बदलल्या. बाकीच्या दोघांना तीन हाका आणि दोन सेकंद थांबायचं; माझ्या पेटीला नव्व्याण्णव हाका आणि दर हाकेमागं वीस सेकंद. "जरा आळशी आसंल," तो नानासोंना म्हणाला, "धीर धरू." पण दुसऱ्या दिवशी मी पातेलं साडेसातच्या ऐवजी पावणेआठला काढलं, आणि तो नव्व्याण्णव हाकांचा धीरही वाया गेला.

तेव्हा नानासोंनी सगळ्यांना ऑफिसात बसवलं. बटण दाबायला तीन दिवस राहिले होते.

"राजरत्न, काय करायचं?" ते म्हणाले. "सभापतींना काय सांगू? एक पेटी बोलत न्हाई?"

मी खाकरलो.

"नानासो, बोलू का? आमी धनगर मानसं, मेंढरांत जलम गेला. कळपातलं वयस्क मेंढरू मागं ठेवलं की ते चालत न्हाई, बसून घेतं. ही पेटी सगळ्यांत उंचावरची. तिला तिसरी हाक मारताय. ती रुसणारच."

"पेटी रुसती व्हय रं?" लालासाहेब उठलाच. "लोखंडाची पेटी?"

"तुझ्या वंडक्याची मगर हुती, तर माझी पेटी रुसंल न्हाई तर काय करंल?"

"पाणी आधी माझ्याकडं येतंय!"

"आणि पोचतंय कुणाकडं? देवळाची पायरी आधी लागती म्हणून काय पायरीला नारळ फोडत्यात का?"

"मला कुटंबी टाका," अर्जुना मधून म्हणाला. "मला जेवायच्या सुट्टीच्या आधी हाक मारली म्हंजी झालं."

खरं तर इथं नानासोंनी आम्हां दोघांना हाकलायला पाहिजे होतं. पण आमच्याकडं यात्रेत कुणाची मानाची काठी पुढं यावरून दोन वर्षं देवाला गाभाऱ्यातच बसावं लागलेलं. मान म्हटलं की नानासोंच्या पायातलं बळ जातं. लेकीच्या पत्रिकेपायी त्यांनी तीन भावकींचे पाय धरले होते. ते राजरत्नकडं वळले.

"वर टाकून बघायला काय जातंय? मशीनला फरक पडतो का?"

"मशीनला न्हाई पडत," राजरत्न हळूच म्हणाला. "मानसांना पडतोय तर टाकतो."

त्यानं माझी ओळ उचलून वर ठेवली. नव्व्याण्णव आणि वीस तसंच राहिलं, त्या गडबडीत त्याला हात लावायचं कुणाच्या ध्यानात आलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी अर्थातच खांबावर पातेलं नव्हतं. सात वाजता पडद्यावर सगळ्यात वर माझं नाव आलं आणि पहिल्या हाकेला माझ्या पेटीनं अकरा फूट पाणी सांगितलं. दारातल्या गर्दीतून "आ!" असा आवाज निघाला. एका म्हातारीनं पडद्याला हात जोडले. मी लालासाहेबाकडं बघितलं नाही. म्हणजे तोंड वळवून बघितलं नाही. डोळे आपोआप तिकडं गेले असतील तर माहीत नाही. त्याच्या मिशा अशा खाली आल्या होत्या, की वाटलं त्यांनाही कुणी आठ अक्षरांत बसवलंय.

माझ्या आयुष्यातले ते दोन दिवस सोन्याचे. मी चालायला लागलो तर माझी सावली माझ्याआधी पोचायची आणि लोक तिला रामराम घालायचे.

रंगूबाई या सगळ्यात नव्हती. पेटी वर चढली त्याच्या आदल्या दिवशीच ती नागपंचमीला माहेरी शिराळ्याला गेली होती. बटणाच्या दिवशी सकाळी पहिल्या एसटीनं ती येणार होती. मी तिची वाट न बघता धुतलेलं धोतर नेसलो, फेटा बांधला आणि सातलाच खाली ऑफिसात जाऊन पुढच्या खुर्चीवर बसलो.

दहा वाजता सभापती आले. त्यांच्याबरोबर उंब्रजची, इस्लामपूरची पाहुणेमंडळी. मांडव, हार, पेढे. त्या दिवशी कॉम्प्युटर आधी चालू करायचा नाही, असं नानासोंनी बजावलं होतं. नवरदेवाला मांडवात येण्याआधी कुणी बघायचं नाही, तसं.

राजरत्ननं दाखवलेलं बटण सभापतींनी दाबलं. मशीन गुरगुरलं, यादी वाचली. वर माझं नाव उमटलं.

"पयली पेटी, माळावरची, तात्याबा!" नानासोंनी मोठ्यानं वाचलं. मी उभा राहून सगळ्यांना हात जोडले.

उत्तर आलं नाही.

वीस सेकंदांनी खालच्या ओळीत परत माझं नाव. मग आणखी वीस सेकंदांनी परत. लालासाहेब घसा खाकरून म्हणाला, "आता काय पायजे रं तिला? पैठणी?"

सगळा मांडव हसला. मी उभाच होतो. जोडलेले हात सोडायचं राहून गेलं होतं.

पातेलं मी घातलं नव्हतं. देवाशपथ घातलं नव्हतं. म्हणजे पेटी खरंच रुसली? मी आठ दिवस तिच्या नावावर खोटं बोललो ते तिला कळलं?

राजरत्ननं चौथी हाक बघितली आणि उठला. "नानासो, मशीनला कुणी हात लावू नका. हाका चालू ऱ्हाऊ द्या. बंद केलं तर परत पयल्यापास्नं. आमी वर जाऊन येतो." मग माझ्याकडं बघून म्हणाला, "तात्या, चला."

मी त्याच्या मोटरसायकलवर मागं बसलो. माळाचा रस्ता असा, की एरवी माझी हाडं मोजून घेतो. त्या दिवशी मला खड्डे जाणवले नाहीत.

वर पोचलो तर हौदाच्या पायरीवर रंगूबाई नवं लुगडं नेसून बसलेली. आणि मागं खांबावर, उन्हात चकाकत, आमचं जर्मनचं पातेलं.

"आलासा व्हय!" ती आनंदानं म्हणाली. "आवं, आजच्या दिवशी कसं काय इसरला? मी यष्टीतनं उतरली, बघते तर पेटी उघडी. दंव बाधलं आसतं म्हंजी? सायबाचा हुकूम म्हणत हुता न्हवं? घातलं मी. आणि काढायचं तुमी, म्हणून वाट बघत बसली."

मी तिच्याकडं बघत होतो आणि राजरत्न माझ्याकडं.

तो स्लॅबवर चढला. पातेलं उचललं, आत नाक घातलं, खाली ठेवलं. पेटीवरचा लाल दिवा लगेच लुकलुकला. खाली ऑफिसाकडून टाळ्यांचा आवाज माळावर आला. राजरत्न पातेल्याकडंच बघत होता.

"दोनदा सांगलीला गेलो तात्या," तो म्हणाला. आवाज चढलेला नव्हता, चढला असता तर बरं झालं असतं. "तीन लायब्रऱ्या बसवल्या. दोन रात्री झोपलो न्हाई. मला वाटलं मलाच येत न्हाई."

"तुझं काय चुकलं न्हाई पोरा," मी म्हणालो.

"ते कळलं आता. पातेल्याची लायब्ररी माझ्याकडं न्हवती."

रंगूबाई दोघांकडं आळीपाळीनं बघायला लागली. "दंव बाधत न्हाई व्हय?"

"बाधतं काकू," राजरत्न म्हणाला. "पर पेटीला न्हाई. मानसाला."

मी फेटा काढून हातात घेतला. शेवटी म्हणालो, "नानासोंला सांगतो मी. समद्यांपुढं."

"नगं," तो म्हणाला. "पेट्या बोलल्या, माझं काम झालं. तुमी एकच करा. माझ्यामागं बसा आणि खाली चला, आणि लालासायबांच्या शेजारी गप बसून ऱ्हावा. तेवढी शिक्षा लय हाय."

आम्ही खाली आलो तेव्हा पंप चालू झाला होता, सभापती पेढा खात होते. आणि मला वाटलं होतं लोक माझी टर उडवतील. पण झालं होतं भलतंच. मशीननं माझ्या पेटीला अठ्ठ्याऐंशी वेळा हाक मारली होती. जवळजवळ अर्धा तास. त्या अर्ध्या तासात पडद्यावर वरपासून खालपर्यंत, ओळीखाली ओळ, फक्त माझं नाव. उंब्रजच्या पाहुण्यांनी ते इतक्या वेळा वाचलं होतं, की त्यातले तिघं माझ्याशी येऊन हात मिळवून गेले. सभापतींनी भाषणात सांगितलं, "या योजनेत तात्याबांचं योगदान मोठं दिसतंय." अठ्ठ्याऐंशी हाकांनंतर पेटी बोलली, आणि मग खाली एकदा, एकच ओळ, लालासाहेब, त्याच्या पेटीनं पहिल्या हाकेला उत्तर दिलं आणि त्याचा विषय संपला.

मी त्याच्या शेजारी गप्प बसलो. तो खुर्चीत असा धुमसत होता, की शेजारच्या माणसानं विडी पेटवायला काडी काढली आणि परत ठेवली.

"राजरत्न," कार्यक्रम संपल्यावर त्यानं हाक मारली, "तात्याबाला किती हाका हैत यादीत?"

"हुत्या नव्व्याण्णव. आता तीन. नाव पण परत तिसरं टाकलंय. तात्याच म्हणाले." आणि माझ्याकडं न बघता राजरत्ननं फ्लॉपी खिशात घातली. मी तसं म्हटलेलं नव्हतं. पण मी मान हलवली.

"मग त्या नव्व्याण्णव माझ्या नावावर लाव."

"तुमची पेटी पयल्या हाकेलाच बोलती की. कशाला पायजेत?"

"आसूं दे. लाव तू."

राजरत्ननं लावल्या. मशीनला फरक पडत नव्हता.

मी त्या रात्री गाढ झोपलो. कितीतरी महिन्यांनी. तिसऱ्या नंबरावरही झोप लागते, हे मला त्या दिवशी कळलं. आठवडाभर मी इतका सुधारलो, की मगर आता तेरा फुटांची झालीय असं कुणीतरी सांगितलं, तर मीच तिला आणखी एक फूट दिला.

आठव्या दिवशी सकाळी सात वाजता लालासाहेबाची पेटी बोलली नाही.

मशीन हाका मारत राहिलं. पडद्यावर ओळीखाली ओळ, शेपूट तुटलेलं त्याचं नाव, आणि गाव दारात उभा राहून वाचतोय. लालासाहेब कोपऱ्यात हाताची घडी घालून, छताकडं बघत. राजरत्ननं माझ्याकडं बघितलं. मी दोन्ही हात वर केले. या खेपेला खरोखर मी काही केलेलं नव्हतं.

घरी येऊन रंगूबाईला विचारलं. ती भाकरी थापत होती.

"मी कुटं काय सांगितलं? लालासायबाची मंडळी नदीवर धुणं धुताना भेटली. तुमची पेटी कशी काय गप बसली हुती म्हणून इचारलं. म्हटलं, दंवानं. झाकायला लागती."

मी धावत माळाच्या कडेला गेलो. तिथून खाली नदी दिसते, जॅकवेल दिसतं, त्यावरचा खांबही दिसतो. उन्हात खांबाच्या डोक्यावर काहीतरी लालभडक झळाळत होतं. आमच्या पातेल्यासारखं पांढरट नव्हे. नुकतं चिंचेनं घासलेलं, कोसभरावरनं डोळे दिपवणारं.

तांब्याचा हंडा होता. अख्खा तांब्याचा हंडा.

आमच्या घरात तांब्याचा हंडा नाही. त्या रात्री माझी झोप परत गेली.